बोट ट्रेलरच्या चासीचा गंज: सोलापूर-उजनी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजनीत मासेमारी करणारे, बॅकवॉटरला पर्यटकांना फ्लेमिंगो दाखवायला नेणारे आणि हौसेनं स्वतःची फायबर बोट बाळगणारे, असे सगळेच आमच्याकडे ट्रेलर घेऊन येतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. फक्त त्यांची ट्रॉली पाण्यात उतरत नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचावं.

सोलापूरची हवा तर कोरडी. मग ट्रेलर गंजतो कशानं?

अडकलेल्या ओलीनं. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही एकाच जागी लागतात. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. मोकळ्यावर टाकलेला साधा अँगल इथं वर्षानुवर्षं नुसता तांबूस होऊन पडून राहतो, कारण पाऊस पडला तरी दुपारपर्यंत तो खडखडीत वाळतो.

ट्रेलरचं तसं होत नाही. तो चाकं बुडेपर्यंत धरणात जातो. चॅनेलच्या (खोबणीच्या आकाराच्या लोखंडी पट्टीच्या) खोबणीत गाळ बसतो, चौकोनी पाइपात पाणी शिरतं, बोट जिच्यावर टेकते त्या फळीवरचं कार्पेट भिजून चिंब होतं. त्यात आपली काळी माती. वरून भेगा पडून वाळलेली दिसते, पण खरवडून बघा, आत कितीतरी दिवस ओल असते. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की पाणी लांब सरकतं आणि ट्रेलर थेट उघड्या पडलेल्या गाळात घालावा लागतो, म्हणजे सगळ्यात कोरड्या महिन्यात तो सगळ्यात जास्त चिखल घेऊन बाहेर येतो. वर एक्सलला गुंडाळलेली जलपर्णीची मुळं.

म्हणून गंज दिसला की रंगाच्या डब्याकडे धावण्याआधी एक बघा: इथं पाणी का थांबलं? ते कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतचीच असते.

उजनीचं पाणी गोडं आहे. समुद्रासारखा गंज थोडाच येणार?

तेवढा वेगानं येत नाही, हे खरं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ओलीत मीठ मिसळलं की तिच्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया भराभर चालते. उजनीत ती अडचण नाही.

पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक, सुट्टीत बोट मालवणला किंवा हर्णैला नेतात आणि आल्यावर ट्रेलर तसाच उभा करतात. एकदा फटींमध्ये मीठ बसलं की ते हवेतली ओल ओढून घेतं आणि तिथं आतून काम चालू राहतं. दुसरी गोष्ट आपल्या गावाकडची. बोट काढून ठेवलेली असते, ट्रेलर रिकामा, मग त्यावर फळ्या टाकून खताची पोती आणली जातात. पोटॅशचं पोतं फाटलं की संपलं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. आमच्याकडं आलेल्या ट्रेलरांत अशा खताच्या ट्रेलरांची अवस्था कोकणातून आलेल्यांपेक्षा वाईट निघाली आहे, कारण कोकणातून आलेला माणूस निदान धुतो तरी.

गंज वरवरचा आहे की आत गेलाय, हे घरी कसं ओळखायचं?

एक छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर पुरे. चासीवर हातोडी हलकी वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. जिथं आवाज बदलला तिथं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक रुतलं किंवा खपली सुटून आली, तर काम रंगाचं नाही, वेल्डिंगचं आहे.

गंजाचे ढोबळ तीन टप्पे धरा. पहिला नुसता तांबूस थर, बोटाला लागतो, पॉलिश पेपरनं जातो. दुसरा खपल्यांचा. पापुद्र्यावर पापुद्रा असतो, आणि खपली मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जाड फुगते, त्यामुळे अर्धा इंच फुगलेलं दिसलं म्हणून अर्धा इंच लोखंड गेलं असं नसतं. तिसरा खड्ड्यांचा. वरून चार टिपके, खाली खोल भोक. हा सगळ्यात फसवा, कारण बाकीचं लोखंड छान दिसतं.

बघायचं कुठं? पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथं अडकवलेले असतात ते ब्रॅकेट, यू-बोल्टच्या खाली दबलेली जागा, गाडीला जोडायची दांडी चासीला जिथं मिळते तो सांधा, कार्पेट लावलेल्या फळ्यांच्या खालची बाजू, आणि चौकोनी पाइपाचा तळ. तळ म्हणजे खाली वाकून बघायचा तळ. एक ट्रेलर आमच्याकडं आला होता, वरून काळा रंग आरशासारखा. मागच्या आडव्या पाइपाला खालून हातोडी लावली, पहिल्या ठोक्याला रंग फुटला, दुसऱ्याला ओंजळभर खपल्या जमिनीवर. पाइपाची वरची बाजू ३ मिलिमीटर जशीच्या तशी होती, खालची कागदासारखी झालेली. पाइपाची दोन्ही तोंडं झाकण वेल्ड करून बंद केलेली होती, मात्र मधल्या बोल्टच्या भोकातून पाणी आत जात होतं. जायला वाट होती, यायला नव्हती.

भोक पडलंय. एमसील किंवा गाडीची पुट्टी भरून वरून रंग मारला तर?

नाही. ते भोक झाकतं, वजन पेलत नाही. आणि पुट्टीमागं ओल अडकून उरलेलं लोखंडही जातं.

कोणता ट्रेलर दुरुस्त करायचा आणि कोणता भंगारात घालायचा?

आमचा हिशोब असा. व्हर्नियर लावून जाडी मोजायची. मूळ जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत झीज असेल आणि ती थोड्या जागेत असेल, तर साफ करून रंगवणं पुरतं. त्याहून जास्त असेल तर तेवढा तुकडा कापून नवा घालायचा. दोन्ही लांबच्या बाजू जागोजागी चाळण झाल्या असतील, तर ठिगळं लावत बसू नका. चाकं, हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग), पाटे, हूक काढून घ्या, नवी चासी बनवा, जुनी किलोच्या भावानं द्या. मजुरी धरली तर बहुतेक वेळा नवी चासीच परवडते.

दांडी आणि हूक यांना मात्र हा हिशोब लावत नाही. तिथं खड्डे दिसले की दांडी बदलायची. चासीचा आडवा पाइप तुटला तर बोट वाकडी होईल. दांडी तुटली तर सोलापूर-पुणे महामार्गावर तुमचा ट्रेलर एकटाच निघेल.

ग्राइंडर आहे. घरी गंज काढायचा तर कोणत्या क्रमानं?

आधी धुणं. याला लोक हसतात. चिखल, ग्रीस, मीठ असताना ब्रश फिरवला तर ते सगळं लोखंडाच्या खड्ड्यांत घोटलं जातं. प्रेशरचं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर साबणाचं पाणी आणि कडक ब्रश. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा मारा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे आम्हालाही माहीत आहे, पण शेवटच्या हाताला दोन बादल्या पुरतात.

वाळल्यावर ग्रीस-ऑइलच्या जागा थिनरच्या फडक्यानं पुसा. एकच फडकं सगळीकडं फिरवू नका, नाहीतर ग्रीस पुसलं न जाता पसरतं. मग जाड खपल्या छिन्नी-हातोडीनं पाडा. ग्राइंडरनं खपली काढायला गेलात तर चकती जाते आणि वेळही जातो.

आता ग्राइंडर. इथं एक फसगत हमखास होते. वायर कप ब्रश फिरवला की गंज काळपट चकाकतो आणि माणसाला वाटतं लोखंड उघडं झालं. तसं नसतं, गंजच घासून गुळगुळीत झालेला असतो. वायर ब्रश सुट्या गंजापुरता वापरा, त्यानंतर ६० नंबरची फ्लॅप डिस्क हलक्या हातानं फिरवा. पांढुरकं, राखाडी, बारीक चरे असलेलं लोखंड दिसायला हवं. चरे राहू द्या, रंग त्यांनाच धरतो. आरशासारखं पॉलिश करू नका. खड्ड्यांच्या तळाशी डिस्क पोचत नाही, तिथं पेनासारखा छोटा वायर ब्रश ड्रिलला लावून घ्या.

चष्मा, मास्क आणि ग्राइंडरचा गार्ड हे तिन्ही लावूनच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेत उडवू नका. आणि साफ केलेल्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी दवानं पुन्हा तांबूस झालेलं असतं.

ॲसिडनं धुतलं तर गंज झटक्यात जातो म्हणतात?

जातो, आणि झटक्यात परतही येतो. दुकानात सुटं मिळतं ते ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव, दोन्हींत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंज विरघळवतं, पण क्लोराइड मागं ठेवतं. सांध्यांत आणि फटींत शिरलेलं कितीही पाणी मारलं तरी पूर्ण निघत नाही. शिवाय त्याच्या वाफेनं शेजारी ठेवलेली अवजारंसुद्धा गंजतात. बॅटरीतलं ॲसिड तर नकोच नको.

रस्ट कन्व्हर्टर खरंच उपयोगी आहे का?

आहे, योग्य जागी. बहुतेकांत फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिक ॲसिड असतं. ते उरलेल्या बारीक गंजाशी क्रिया करून त्याचा काळसर, टिकाऊ थर बनवतात. खड्ड्यांच्या तळाशी ब्रश पोचला नाही तिथं ते लावा. जाड खपलीवर ओतलं तर फक्त वरचा पापुद्रा काळा होतो, खाली गंज जिवंतच. डब्यावर दिलेला वेळ पाळा. फॉस्फोरिकचं जास्तीचं द्रव पुसायचं असतं, नाहीतर वरचा प्रायमर चिकट राहतो किंवा सुटतो. स्वच्छ लोखंडावर ते लावायची गरज नाही.

सँड ब्लास्टिंग करून घ्यावं का?

सँड ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या जोरानं बारीक दाणे मारून लोखंड साफ करणं. अख्खी चासी खोलली असेल आणि इपॉक्सी रंग मारायचा असेल, तर नक्की. कोपरे आणि खड्डे हातानं इतके साफ कधीच होत नाहीत. ब्लास्टिंग करून देणाऱ्याला विचारा, साफसफाई "एसए अडीच" दर्जाची मिळेल का. म्हणजे लोखंड जवळपास पांढरं, फक्त हलक्या डागांच्या खुणा. नदीची वाळू वापरणाऱ्याकडं देऊ नका. त्या धुळीतल्या सिलिकानं कामगारांची फुप्फुसं कायमची जातात. गार्नेट किंवा स्टीलचे दाणे वापरणारा बघा. पातळ पत्र्याच्या मडगार्डला ब्लास्टिंग नको, पत्रा वाकतो.

वेल्डिंगचा पॅच कसा मारावा म्हणजे पुन्हा तिथंच तुटणार नाही?

पॅच तुटत नाही, पॅचच्या कडेचं लोखंड तुटतं. म्हणून जास्त जाड पट्टी लावणं ही बळकटी नव्हे. ३ मिलिमीटरच्या पाइपाला १० मिलिमीटरची पट्टी लावली तर पाइप पट्टीच्या कडेला वाकत राहतो आणि तिथंच भेग पडते. जाडी तेवढीच किंवा एक पायरी वर, बस.

खराब भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढा. गंजावरच पट्टी ठेवून टाके मारणारे वेल्डर भरपूर आहेत. गंजावर वेल्ड सच्छिद्र होतो, वरून दिसायला फुगीर आणि आतून पोकळ. पट्टीची दोन्ही टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी कापा, म्हणजे टाका चासीला आडवा सरळ येत नाही. लांब बाजूच्या खालच्या फ्लँजवर (चॅनेलच्या आडव्या कडेवर) आडवा सरळ टाका तर कधीच नको. ट्रेलर खड्ड्यात आदळला की सगळा ताण त्याच पट्ट्यात येतो. भोक पाडायचंच असेल तर चॅनेलच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडा, फ्लँजवर नाही.

टाका सगळीकडून पूर्ण फिरवा. चार ठिकाणी टाचून सोडलेल्या पट्टीमागं फट राहते, त्या फटीत पाणी बसतं, आणि आपण जिथून सुरुवात केली तिथं परत येतो. मात्र एकाच दमात फिरवू नका. थोडं इकडं, थोडं समोर, थंड होऊ द्या, नाहीतर चासी वळते आणि नंतर टायर एका कडेनं झिजतात. घरगुती मशीनवर ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड पुरेसा आहे. ७०१८ वापरायचा तर तो कोरडा हवा. पावसाळ्यात उघड्या पुड्यात पडलेला रॉड घेऊन जोर काढू नका.

सुरू करण्याआधी ट्रेलर गाडीपासून सोडा, लाइटची वायरिंग बाजूला घ्या, बोट तर उतरवाच. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळ लावा. तो लांब हबवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर ठिपके पडतात.

एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. बाहेरून टाका मारला की पाइपाच्या आतला रंग त्या जागी जळतो. बाहेर प्रायमर मारला, आत उघडं लोखंड. त्याचं काय करायचं ते पुढं पाइपाच्या प्रश्नात आहे.

जस्त चढवलेल्या ट्रेलरवर वेल्डिंग करताना आधी दूध प्यावं, मग त्रास होत नाही. खरं का?

दूध प्या, चांगलं असतं. जस्ताचा धूर त्यानं थांबत नाही. जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. टाक्याच्या आजूबाजूचं जस्त आधी घासून काढा, मोकळ्या हवेत, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून काम करा, धुराचा मास्क लावा. नंतर त्या जागी झिंक-रिच (भरपूर जस्त असलेल्या) प्रायमरचे दोन हात.

रेड ऑक्साइड मारला की झालं ना?

रेड ऑक्साइड स्वस्त आहे, कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो आणि खिडकीच्या ग्रिलला चांगला आहे. पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला एकटा पुरत नाही. त्यातली लाल पूड गंज रोखत नाही, ती फक्त रंग भरते. नुसता रेड ऑक्साइड मारून "ऐनॅमल नंतर बघू" म्हणून ठेवलेला ट्रेलर तर पाणी शोषून खालून गंजतो.

आमची पसंती दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरला आहे, शक्यतो झिंक फॉस्फेटवाल्या. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. फक्त इपॉक्सी ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात तो खडूसारखा पांढरा होऊन हाताला लागायला लागतो. सगळे थर मिळून १५० ते २०० मायक्रॉन जाडी भरली पाहिजे. ब्रशनं मारताना ती एका हातात कधीच भरत नाही. कडा, टाके आणि बोल्टची भोकं यांना आधी ब्रशनं वेगळा एक हात द्या. कडेवरून रंग आपोआप मागं सरकतो आणि गंज नेहमी कडेपासून सुरू होतो.

झिंक-रिच प्रायमरबद्दल विचारणारे खूप. तो चांगलाच, पण उघड्या, ब्लास्ट केलेल्या लोखंडावर. त्यातलं जस्त लोखंडाला चिकटून असलं तरच ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं. गंजाच्या थरावर मारला तर महागडा राखाडी रंग एवढीच त्याची किंमत. पिवळा झिंक क्रोमेट जुन्या मिस्त्रींचा लाडका, पण त्यातलं क्रोमियम विषारी असतं. आम्ही वापरत नाही.

बजेटच नसेल तर? मग साफसफाईत कसर करू नका आणि रंग स्वस्त घ्या. नीट घासलेल्या लोखंडावरचा साधा प्रायमर आणि दोन हात ऐनॅमल, हे गंजावर मारलेल्या महागड्या इपॉक्सीपेक्षा जास्त टिकतं. उलटं करणारेच जास्त भेटतात.

नवीन चॅनेलची चासी बनवली, तरी दोन वर्षांत रंगाचे पोपडे. असं का?

नव्या लोखंडावर निळसर-काळी पापडी असते, कारखान्यात तापवून लाटताना आलेली. दिसायला ती घट्ट, म्हणून लोक तिच्यावरच रंग मारतात. ऊन-पाण्यानं ती हळूहळू सुटते आणि जाताना रंग घेऊन जाते. नवं लोखंडसुद्धा घासायचं, किंवा ब्लास्ट करायचं.

रंग कोणत्या दिवसांत आणि किती वाजता मारावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले दिवस. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा आणि संध्याकाळचा गारवा सुरू होण्याआधी थांबा. लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली.

मे महिन्यात मारायचाच असेल तर सावलीत आणि सकाळी लवकर. दुपारी उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही. अशा पृष्ठभागावर थिनर क्षणात उडतो, रंग नीट पसरत नाही, फोड येतात. इपॉक्सीचे दोन भाग मिसळल्यावरही उन्हाळ्यात तो डब्यातच लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या इपॉक्सीत थिनर ओतून "सैल" करणाऱ्याला तिथंच थांबवा.

सरळ गॅल्व्हनाइझ करून टाकलं तर कटकट मिटेल का?

बरीचशी मिटेल. हॉट-डिप म्हणजे अख्खी चासी सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे पाइपाच्या आतही जस्त जातं. कोणताही रंग हे करू शकत नाही. ३ ते ६ मिलिमीटरच्या लोखंडावर जस्ताचा थर साधारण ७० मायक्रॉन मिळायला हवा. भारतीय मानक आयएस ४७५९ या कामासाठी आहे, ऑर्डर देताना त्याचं नाव घ्या.

पण चासी बनवण्याआधी ठरवा. प्रत्येक बंद पाइपाला हवा आणि जस्त जायला-यायला भोकं हवीत. बंद पाइपात अडकलेल्या हवेनं आणि ओलीनं तो जस्ताच्या टाकीत फुटू शकतो, आणि कामगारांच्या जिवावर बेतू शकतं. टाकीची लांबीही आधी विचारा. आपल्या बाजूनं माल बहुधा पुणे परिसरात पाठवावा लागतो, तेव्हा जाण्या-येण्याचं भाडं हिशोबात धरा. जुन्या गंजक्या, रंगवलेल्या चासीवर हे करायचं तर आधी पूर्ण ब्लास्टिंग लागतं.

नव्या गॅल्व्हनाइझ चासीवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. ओली असताना हवा न लागता ठेवली की जस्तावर तसा पांढरा थर येतो. घासून काढा, मोकळ्या हवेत ठेवा.

आमचे वडील ट्रॉलीला खालून जळकं ऑइल मारायचे. गंज यायचा नाही. आपणही मारावं का?

ट्रॉलीला ते चालायचं. ट्रेलर उजनीत बुडतो आणि सोलापूर शहराला प्यायचं पाणी उजनीतून येतं. चाकं पाण्यात गेली की ते काळं ऑइल पाण्यावर तरंगताना स्पष्ट दिसतं. तुमच्याच तांब्यात ते यावं असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय जळक्या ऑइलमध्ये इंजिनात तयार झालेली ॲसिडं असतात आणि त्यावर धूळ-माती चिकटून चिखलाचा लेपच तयार होतो. ओल धरायला आणखी काय हवं?

मग चौकोनी पाइपाच्या आतल्या गंजाला काय करायचं?

दोन मार्ग आहेत. एक, पाइप पूर्ण हवाबंद करायचा, प्रत्येक टाका पक्का, एकही बोल्टचं भोक नाही. हे सांगायला सोपं, वापरातल्या ट्रेलरला जवळपास अशक्य. दुसरा, पाइप मोकळा ठेवायचा. ट्रेलर उभा असताना प्रत्येक पाइपाचा सगळ्यात खालचा बिंदू शोधा, तिथं १० मिलिमीटरचं भोक पाडा, कडा घासून प्रायमर लावा. टोकांना प्लास्टिकची झाकणं असतील तर त्यांनाही खालून भोक. मग आतून मेणाचा कॅव्हिटी स्प्रे (पोकळीत मारायचा फवारा) लांब नळीनं मारा. तो मिळाला नाही तर उकळलेलं जवसाचं तेल आत फिरवून गळू द्या. जुना, चांगला उपाय आहे. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

भोकं पाडली तरी गाळ त्यांत अडकतोच. दर वेळी तारेनं साफ करा.

धरणातून बाहेर काढल्यावर रोज काय करावं?

खरं म्हणजे पाण्यात घालण्याआधीच सुरुवात होते. सोलापूरहून टेंभुर्णीपर्यंत ट्रेलर ओढत नेला की हब तापलेले असतात. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चहा प्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग उतरवा. लाइटचा प्लगही आधी काढा.

बाहेर आल्यावर काठावरच थोडं पाणी मारून चिखल ओला असतानाच पाडा, वाळला की तो घरी निघत नाही. जलपर्णी एक्सलवरून सोडवा. दांडी उंच करून ट्रेलर मागं कलता ठेवा, पाइपातलं पाणी गळून जाईल. कोकणातून आलात तर गोड्या पाण्यानं, पाट्यांच्या मध्येसुद्धा, भरपूर. बाकी ग्रीस महिन्या-दोन महिन्यांनी, वापराप्रमाणे.

ताडपत्रीनं झाकून ठेवू का?

वरून झाका, बाजूनं मोकळं सोडा. चारी बाजूंनी आवळून बांधली तर रात्री आत दव धरतं. आणि चिंचेखाली लावू नका, पाला चॅनेलमध्ये साचून कुजतो आणि पावसाळाभर ओला राहतो.

सगळे बोल्ट स्टेनलेसचे टाकले तर?

चालतात. लोखंड मोठं आणि स्टेनलेसचा बोल्ट छोटा असल्यानं दोन धातूंच्या संपर्काचा त्रास फारसा होत नाही, फक्त भोकाची कड रंगवून वॉशर घाला. पाट्यांचे यू-बोल्ट मात्र हॉट-डिप गॅल्व्हनाइझचेच घ्या, तिथं ताकदीचा दर्जा महत्त्वाचा. ॲल्युमिनियमची बोट असेल तर ती उघड्या लोखंडावर टेकू देऊ नका, मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी हवी.

चासी नंबर गंजलाय, घासून काढू का?

ग्राइंडर त्या जागी नेऊच नका. हातानं पॉलिश पेपर, हलका प्रायमर, वरून ग्रीस. बाकी ठिकाणी काम करताना नंबरावर जाड टेप लावून ठेवा. नंबर असलेला तुकडाच कापावा लागणार असेल तर आधी आरटीओत विचारा, मग कटर लावा.

जुना ट्रेलर विकत घेतोय. काय बघू?

ताजा, जाड, काळा रंग दिसला की खिशातून चुंबक काढा. पुट्टीवर चुंबक धरत नाही, किंवा अर्धवट धरतो. पाइपाच्या भोकात बोट घालून बाहेर काढा, लाल चिखल आला तर हातोडी मागा. मालक हातोडी लावू देत नसेल तर भाव करायची गरज नाही. पाट्यांचे ब्रॅकेट, दांडीचा सांधा आणि मागचा आडवा पाइप एवढं तरी खालून पडून बघा, मग सगळ्यात शेवटी टायर. बहुतेक लोक टायरपासून सुरुवात करतात आणि टायर चांगले म्हणून व्यवहार करतात. टायर दुकानात मिळतात.